कातळाला कोणतं अंजीर?

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणाला नवल वाटायला नको. घरात कुणी जोरात दार लोटलं तरी माझ्या हातातली वाटी पडते. अशा बाईने एकटीने एसटीत बसून रत्नागिरीला जायचं, तेही ज्यांची साठ झाडं आपल्यामुळे मेली त्यांच्याच घरी मुक्कामाला, हे आमच्याकडे कुणाला खरंच वाटेना. मुलगा म्हणाला, "आई, फोनवर सांग ना काय ते." पण फोनवर सांगूनच तर सगळा घोटाळा झाला होता.

सासवडजवळ आमची अंजिराची रोपवाटिका आहे. दोन वर्षांपूर्वी पावसच्या पुढच्या एका गावातून सुजाता नावाच्या मुलीचा फोन आला. मुंबईतली नोकरी सोडून ती वडिलांकडे गावी राहायला आली होती आणि घरच्या अडीच एकर कातळावर तिला अंजीर लावायचं होतं. कातळ म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा सडा, हे मला आता कळलं. तेव्हा मला वाटलं, माळ आहे, आमच्यासारखाच असेल. मी सगळ्यांना सांगते तेच तिलाही सांगितलं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या आणि पुना अंजीर लावा. "येईल ना हो नक्की?" तिने विचारलं होतं. "न यायला काय झालं?" मी म्हटलं होतं. साठ रोपं पाठवली, आणि पहिल्याच पावसाळ्यात साठच्या साठ गेली.

तिने भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने या एप्रिलात पुन्हा फोन केला. "ताई, खड्डे परत मोकळे केलेत. ह्या वेळी तुम्ही स्वतः येऊन जागा बघा आणि जात ठरवा." मग म्हणाली, "मे महिन्यात मोठे काका मुंबईहून येतायत. जमीन काकांच्या आणि बाबांच्या नावावर आहे. चिरेखाणवाला मागे लागलाय. काका म्हणतात, कातळावर काही येतं असं कुणा जाणत्या माणसाने सांगितलं तर ठेवू, नाहीतर खाणीला देऊन मोकळे होऊ."

जाणतं माणूस म्हणजे मी.

गुरुवार

आंबा घाटात मी डोळे मिटून बसले होते. शेजारच्या बाई देवरुखच्या. त्यांनी मला उलटीची गोळी दिली. मला मळमळत नव्हतं, पण भीती वाटते असं सांगण्यापेक्षा गोळी खाणं सोपं होतं.

सुजाता पावसला स्कूटर घेऊन आली होती. तेहेतीस-चौतीस वर्षांची, उन्हाने रापलेली, बोलायला मोकळी. वाटेत तिने एके ठिकाणी स्कूटर थांबवली. "ही बघा ताई, चिरेखाण." रस्त्यापासून दहा पावलांवर जमीन एकदम संपत होती. खाली चाळीसएक फूट सरळ कापलेल्या लाल भिंती, आणि तळाशी यंत्राची पाती घरघरत जांभ्याचे चिरे कापत होती. माणसं धुळीने लाल झाली होती. या चिऱ्यांची घरं अख्ख्या कोकणात आहेत, सुजाताचंही त्यांचंच आहे, तेव्हा खाणीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण काठावर उभी असताना माझ्या मनात एकच विचार होता, की शनिवारी काका आले की मी काय बोलते त्यावर असाच एक खड्डा व्हायचा की नाही हे ठरणार.

सुजाताचे वडील निवृत्त शिक्षक. वाडीत त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. "जयभीम, या," म्हणत त्यांनी ओटीवर खुर्ची पुढे केली आणि आतून गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणला. आमच्याकडे पाहुणा टेकला की चहा चढतो, इथे आधी पाणी. मी सबंध तांब्या संपवला. गुरुजी खूश झाले.

"बावेचं आहे," ते म्हणाले. विहिरीला तिकडे बाव म्हणतात. "आमच्या वाडीची बाव आहे, खाली, कातळाच्या पायथ्याशी. मे संपेतो पाणी असतं."

माझ्या साठ मेलेल्या झाडांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. जेवायला तांदळाची मऊ भाकरी, कुळथाची पिठी आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी होती. मी आपली ज्वारीच्या भाकरीची, पण दोन भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही. मी खुर्चीवर पाय वर घेऊन जेवतेय हे गुरुजींच्या लक्षात आलं.

"काय ओ, फुरश्याला भिता काय?"

फुरसं हा तिथला विषारी साप, हातभर लांबीचा. मी येण्याआधी त्याच्याबद्दल इतकं वाचलं होतं की एसटीतसुद्धा बाकाखाली बघत होते.

"ते दगडाखाली असतं," गुरुजी म्हणाले. "आपण न बघता दगड उचलला तरच चावतं. उगीच अंगावर येत नाही."

हा दिलासा होता की इशारा, ते मला ठरवता आलं नाही. पाय मी वरच ठेवले.

शुक्रवार

सकाळी सात वाजता आम्ही कातळावर चढलो, तरी दगड तापायला लागला होता. डोळे पोचतील तिथपर्यंत काळपट लाल सडा, मधूनमधून वाळलेलं गवत, आणि दूर एका कडेला समुद्राची पट्टी. माती म्हणून नाही. आमच्या माळावर फूटभर मातीखाली मुरूम असतो, पाणी घातलं की खाली झिरपून जातं. इथे मी खुरप्याने टोकरलं तर खण्णकन आवाज आला.

साठ खड्डे ओळीने होते. यंत्र लावून फोडलेले, माझ्या मापाने अगदी बरोबर, तीन बाय तीन बाय तीन. पहिल्या खड्ड्यात मी आधी काठीने चारही कोपरे झोडपले, मग उतरले. भिंतीला गुडघ्याच्या वर एक पांढुरकी रेघ होती. दुसऱ्या खड्ड्यातही होती. तिसऱ्यातही. पाणी तिथवर साचून महिनोन् महिने उभं राहिलं होतं. मी तिला खड्डा नव्हे, दगडी हौद खणायला सांगितला होता आणि त्यात अंजीर ठेवायला लावलं होतं. अंजिराची मुळं आठ दिवस पाण्यात राहिली की कुजतात, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. जमीन कसली आहे एवढा एक प्रश्न मी फोनवर विचारला असता तर पुरे होतं.

सुजाता काठावर बसली होती. "पावसात ह्यांच्यात बेडूक होते ताई. मी बादलीने पाणी उपसायचे. रोज. साठ खड्डे उपसून होईपर्यंत पहिला परत भरलेला असायचा."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की चूक माझी आहे. तोंड उघडलंही होतं. पण तिने अंजिराच्या जातींचं विचारलं आणि मी त्या वाटेने सटकले. जातींबद्दल बोलताना मला भीती वाटत नाही.

मी तिला सांगितलं की पुना अंजीर गोड, पण सालीला नाजूक. फळ पिकताना हवेत ओल असली की तडकतं, आणि त्याच्या बुडाचं भोक मोठं, त्यातून पाणी नि किडे दोन्ही आत जातात. दिनकर जात फळाला बरी, पण पानांवरचा तांबेरा रोग तिलाही सोडत नाही, आणि कोकणच्या पावसात तांबेरा येणारच. परदेशातून आलेली एक जात माझ्याकडे आहे, तिचं नाव मला धड उच्चारता येत नाही. फळ लहान, गोडी जरा कमी, पण बुड जवळजवळ बंद आणि साल जाड. इथे लावायचीच तर ती, आणि ऑक्टोबरात छाटून, म्हणजे मेच्या आधी फळं उतरून होतील.

"मग झालं की!" ती म्हणाली.

"जात झाली गं. पण मुळं?"

तिने काठावरचं वाळलेलं गवत उपटलं. मग खड्ड्याच्या काठावरूनच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, उद्या काकांना फक्त 'येईल' एवढंच म्हणा. परत मेली तरी मी तुम्हाला एका शब्दाने विचारणार नाही. मला दोन वर्षं मिळतील. तेवढ्यात खाणवाला दुसरीकडे जाईल."

'येईल' म्हणावं तर ती पुन्हा दोन पावसाळे बादल्या उपसणार, आणि खोटं मी आता जाणूनबुजून बोललेलं असणार. 'येणार नाही' म्हणावं तर तो चाळीस फुटांचा लाल खड्डा. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. आणि घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, वेळ काढला.

"आधी पाणी ओतून बघू," मी म्हटलं. "प्रत्येक खड्ड्यात वीतभर पाणी सोडायचं आणि सकाळी बघायचं कुठे किती उरलं. सगळे खड्डे सारखे नसतात."

खरं सांगायचं तर सगळे सारखेच असणार असं मला वाटत होतं. मला फक्त शुक्रवार संपवायचा होता.

पाणी आणायचं बावेतूनच. गुरुजींचा जीव वर-खाली होत होता. "वाडीचं पिण्याचं पाणी आहे हो ते. पंधरा घरं आहेत." सुजाता म्हणाली, "संध्याकाळचे हंडे भरून झाले की घेऊ बाबा. सकाळपर्यंत वर येतं पाणी." ते कठड्याशी गेले आणि बावेत उतरणाऱ्या उघड्या पायऱ्या मोजून आले. आठ. शिक्षक माणूस, नोंद करणारच.

पाच वाजता पंप सुरू झाला. सुजाता नळी धरायची, मी वीत धरून पाणी मोजायचे. खड्डे एकामागून एक भरत गेले, आणि प्रत्येक भरलेल्या खड्ड्यागणिक माझं मन खचत होतं. विसावा-बाविसावा असेल, तो भरेचना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तळाची लाल माती नुसती गढूळत होती.

"हा पीतच बसलाय," सुजाता म्हणाली आणि हट्टाने नळी तिथेच धरून राहिली. तिला वाटलं नळी कुठे दुमडली असेल. मला वाटलं पंप बिघडला आणि तोही आपल्याचमुळे. अर्धा तास तसाच गेला. शेवटी ती पुढे सरकली. असे आणखी काही निघाले. अंधार पडायच्या आत आम्ही साठावा गाठला, तेव्हा खालून गुरुजींची हाक आली.

"बंद करा गं! अकरा पायऱ्या उघड्या पडल्या!"

शनिवार

सकाळी मला बायकांच्या ओरडण्याने जाग आली.

"अगो बाय, पाणी बघ कसला लाल झालाय!"

मी तशीच धावले. बावेवर सात-आठ जणी रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. खाली पाणी होतं, पण चहासारखं लाल. त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कुणी शिवी दिली नाही, एकीने नुसतं विचारलं, "काल वर काय करत होता तुम्ही?" आधी एकीची साठ झाडं मारली, आता सबंध वाडीचं पाणी नासवलं. समोरची वाट एसटीच्या थांब्याकडे जाते हे मला माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, पिशवी उचलून निघून जावं असं मनात आलं.

तेवढ्यात रिक्षा आली. मोठे काका रत्नागिरी स्टेशनवरून थेट आले होते. पंचाहत्तरीचे, उंच, पांढरा सदरा, एका हातात पिशवी. गर्दी बघून ते घरात न जाता बावेकडे आले. "काय झाला?" म्हणाले आणि कठड्यावर ओणवून आत बघत राहिले.

त्यांच्या शेजारी गुरुजी बोटाने पायऱ्या मोजत होते. "दादा, काल रात्री अकरा उघड्या होत्या. आता आठ आहेत. रोजच्याएवढंच पाणी परत आलंय."

"ता बघ," काका म्हणाले.

ते दाखवत होते तिकडे मी पाहिलं. बावेच्या कातळाकडच्या भिंतीत, पाण्याच्या वर हातभर, दगडाला एक भेग होती. तिच्यातून करंगळीएवढी लाल धार उतरत होती.

काका कातळाची वाट चढायला लागले. सुजाता, गुरुजी आणि मी मागोमाग. वर एकावन्न खड्ड्यांत कालचं वीतभर पाणी जसंच्या तसं होतं. नऊ खड्डे कोरडे होते. मागच्या वेळी भरलेल्या मातीने त्यांच्या तळची भेग बुजली होती, खड्डे मोकळे केल्यावर ती उघडी पडली असणार. आणि ते नऊ इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. तिरक्या ओळीत एकामागे एक होते, आणि ओळीचं टोक खाली बरोबर बावेकडे.

काकांनी मला विचारलं, "सुजा म्हणते ती अंजिरवाल्या बाई तुम्हीच काय? सांगा मग. येईल का नाय इथे?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर मी चुकवली नाही, हे एक मी बरं केलं. मी म्हटलं, "नाही येणार. मागची साठ झाडं मीच मारली. जमीन न विचारता खड्डे घ्यायला सांगितले. या एकावन्न खड्ड्यांत काहीही लावलं तरी पावसात कुजेल. या नऊ खड्ड्यांत पाणी थांबत नाही, तिथे एक जात कदाचित जगेल. कदाचितच."

सुजाता खाली बसली. तिने तोंडावर ओढणी धरली. मला वाटलं, झालं, आपण हिचं घर पाडलं.

काका एका कोरड्या खड्ड्याच्या काठावर टेकले. त्यांनी तळाला हात लावला, तो लाल झाला. मग ते माझ्याशी नाही, सुजाताशी बोलायला लागले.

"गावच्या बावेवर आमाला पाणी भरू देत नसत. आमची आय दुसऱ्याने वरून ओतायची वाट बघत बसायची, दुपार व्हायची. मग आमचा बाप नि वाडीतले चौघं, पाचजणांनी ही बाव खणायला घेतली. पहार नि घण, दुसरा काय नव्हता. दिवसा लोकांच्या शेतात नि मग हिकडे. तीन वर्सं. मी सात-आठ वर्सांचा, टोपलीतना दगडाच्या चिपा वर न्यायचो. पाणी लागला त्या दिवशी आमचा बाप कपड्यासकट आत बसला होता." त्यांनी हाताची लाल माती बघितली. "पाणी कुठून येता ते त्याला कधी कळला नाय. मलापण नाय. आज कळला."

गुरुजी दुसरीकडे बघत होते.

काकांनी खिशातून फोन काढला. खाणवाला दुपारी कागद घेऊन येणार होता. "येऊ नको," काकांनी त्याला सांगितलं. पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं. "नाय रे, जास्त देऊन काय करतोस. आमची बाव हाय खाली." आणि फोन ठेवून दिला.

सुजाता रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मीही एका खड्ड्याच्या काठावर बसले. काठी मारायची राहिली हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बावेचं पाणी संध्याकाळपर्यंत निवळत आलं. तोवर वाडीने शेजारच्या बोअरवेलवरून पाणी आणलं आणि दोघी-तिघींनी मला जाता-जाता बोल लावले, ते मी ऐकून घेतले. एकावन्न खड्ड्यांचं काय करायचं ते बाप-लेक ठरवणार आहेत. गुरुजींच्या डोक्यात आहे की त्यांतलं पाणी चर काढून भेगेकडे वळवावं. आणि दोन चर काढले की काजूची कलमं लावता येतील का, हे सुजाताने मला विचारलं. मी म्हटलं, काजूचं मला काही कळत नाही, कळणाऱ्याला विचार. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाला बोलले.

रविवारी सकाळी निघताना मी नऊ रोपांचं सगळं कागदावर लिहून दिलं. खड्डा भरताना तळाला मोठे दगड, म्हणजे भेग मोकळी राहील, वर माती, मातीची उंची कातळाच्या हातभर वर, म्हणजे बुंध्याशी पाणी उभं राहणार नाही. छाटणी कधी, शेणखत किती. बंद बुडाची ती जात मी घरी आल्यावर एकेक रोप हातात घेऊन निवडली आणि पाठवली. ती जगतील याची मला खात्री नाही. हे लिहितानाही भीती वाटते आहे.

काका मला थांब्यापर्यंत सोडायला आले होते. एसटी दिसली तेव्हा मी शेवटचं विचारलं, "काका, समजा हीही नऊ मेली तर?"

"तर मेली," काका म्हणाले. "सुजाला सांगितलाय मी. झाडं जगूदेत नायतर मरूदेत, त्या नऊ खड्ड्यांच्या तळची भेग कुणी बुजवायची नाय."